प्रतीक्षाकालाची कुळकथा

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणीकामगारांच्या दोन सभा भरविल्या, आणि त्या सभांत ठरलेल्या मागण्यांचा जो अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे जावयाचा होता, त्याच्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम बंद, आणि मागील महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा, या त्यातील मागण्या कामगार चळवळीच्या इतिहासात वारंवार उद्धृत होतात. परंतु गिरणीत काम करताना जबर जखमी होऊन काही काळ निकामी झालेल्या मजुराला तो बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झालेल्याच्या निर्वाहाची योग्य ती तजवीज व्हावी, असे मागणाऱ्या पाचव्या कलमाची मात्र बहुधा ओझरत्या उल्लेखावर बोळवण होते.

या कलमात एक गोष्ट नाही, आणि तिच्या अभावाचाच येथे विचार करावयाचा आहे. पगार कोणत्या दिवसापासून मिळावा हे त्यात सांगितलेले नाही. कारण हात यंत्रात सापडला त्या दिवसापासून, याखेरीज या प्रश्नाला दुसरे काही उत्तर असू शकेल ही शंकाच अर्जदारांच्या मनाला शिवली नसावी. ज्यांनी पुढे कायदे रचले आणि विम्याचे करारनामे लिहिले त्यांना मात्र हाच प्रश्न सर्वांआधी सुचला. दुखण्याचे पहिले तीन दिवस, सात दिवस, दहा दिवस, चौदा दिवस. विमा उतरविल्यानंतरचे पहिले तीस दिवस, पहिले वर्ष, पहिली चार वर्षे, अशा या मुदती निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या काळी ठरत गेल्या, परंतु त्यांच्यामागे वैद्यकापेक्षा हिशेबनिसांची, मालकांची आणि मंत्र्यांची गणितेच अधिक होती. आणि त्या कमी झाल्या तेव्हाही नव्या गणितामुळे क्वचितच, बहुधा कोणाच्या तरी रेट्यामुळेच कमी झाल्या.

प्रतीक्षाकाल या एकाच नावाखाली वस्तुतः दोन भिन्न कुळींच्या मुदती नांदत आल्या आहेत. एक आहे ती प्रवेशाची: इसम मंडळीत दाखल झाला, वर्गणी भरू लागला, तरी अमुक महिने लोटेपर्यंत त्याला मागण्याचा अधिकार नाही. दुसरी आहे ती प्रत्येक दुखण्याची: अधिकार प्राप्त झाला, आजारही आला, तरी आजाराचे पहिले काही दिवस ज्याचे त्याने सोसावयाचे. पहिलीच्या पोटी भय असते ते रोग अंगात घेऊनच दाराशी येणाऱ्या माणसाचे. दुसरीच्या पोटी संशय असतो तो दुखण्याचे सोंग घेणाऱ्या माणसाचा, आणि त्याच्या जोडीला दोनचार आण्यांच्या किरकोळ मागण्यांसाठी कागद रंगविण्याच्या खर्चाची कुरकूर. भय आणि संशय या दोन भावना एकरूप नव्हेत, म्हणून या दोन मुदतींचे इतिहासही एकाच दिशेने गेलेले नाहीत.

दोन्ही मुदती आपल्या बाल्यावस्थेत पाहावयाच्या असतील तर इंग्लंडमधील फ्रेंडली सोसायट्यांकडे जावे लागते. अठराव्या शतकात गावोगावच्या पानगृहांच्या माडीवर जमणाऱ्या या परस्परसाहाय्याच्या मंडळ्यांना १७९३ च्या कायद्याने प्रथम सरकारमान्यता मिळाली. मंडळीची पेटी बहुधा तीन कुलपांची असे आणि तिच्या किल्ल्या निरनिराळ्या कारभाऱ्यांपाशी राहत, म्हणजे कोणा एकट्याला हात घालता येऊ नये. नव्या सभासदाने सहा महिने, कित्येक ठिकाणी वर्षभर, नुसती वर्गणी भरावयाची आणि त्यानंतरच आजारपणाच्या साहाय्यावर हक्क सांगावयाचा, हा सर्वसाधारण शिरस्ता होता. आजारी पडलेल्याच्या घरी मंडळीचा कारभारी समाचाराला जाई तो केवळ आपुलकीने नव्हे. साहाय्य घेणारा सभासद ठरल्या वेळेनंतर घराबाहेर आढळला, किंवा मद्यपान करताना दृष्टीस पडला, तर त्याला दंड होई. सर्व सभासद एकमेकांना ओळखत होते, एका गल्लीत राहत होते, आणि तरीही त्यांना या मुदती आवश्यक वाटल्या, ही गोष्ट विमाकंपन्यांवर सरसकट आग पाखडणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रवेशाची मुदत ही भांडवलदाराच्या कपटातून निघालेली नाही. गरिबांनी आपलीच पेटी रिती होऊ नये म्हणून आपल्याच दारावर घातलेली ती कडी होती.

या मंडळ्यांपैकी मँचेस्टर युनिटी या ऑडफेलोजच्या विस्तीर्ण संघटनेने एक मोठे काम केले. आपल्या सभासदांच्या आजारपणाचा वयवार हिशेब तिने ठेवला, हेन्री रॅटक्लिफ या तिच्या चिटणिसाने १८५० साली त्यावरून कोष्टके प्रसिद्ध केली, आणि पुढे आल्फ्रेड वॉटसन याने १८९३ ते १८९७ या पाच वर्षांच्या अनुभवावरून रचलेली कोष्टके तर दीर्घकाळ इंग्लंडातील विमागणितज्ञांच्या हाताशी राहिली. कोणत्या वयाचा माणूस वर्षातून सरासरी किती आठवडे अंथरुणाला खिळतो हे आता अजमासाने नव्हे, आकड्याने सांगता येऊ लागले. आजाराचे पहिले दिवस वगळले तर खर्च किती घटतो, याचाही आकडा मग काढता येऊ लागला. आणि एखाद्या गोष्टीचा आकडा एकदा काढता आला म्हणजे तिचा मोह आवरणे हिशेबनिसाला कठीण जाते.

जर्मनीत बिस्मार्कने १५ जून १८८३ रोजी आजारविम्याचा कायदा मंजूर करून घेतला, तेव्हा आजारभत्ता तिसऱ्या दिवसानंतर सुरू होईल, तो साधारणतः अर्ध्या मजुरीइतका असेल आणि तेरा आठवडे चालेल, असे ठरले. हे तीन दिवस आजारपणाच्या फंडांच्या जुन्या वहिवाटीतून सरळ राजाच्या कायद्यात येऊन बसले. पुढच्याच वर्षी, म्हणजे लोखंड्यांच्या सभा झाल्या त्याच वर्षी, जर्मनीत अपघातविम्याचा कायदा झाला. त्याचा सगळा भार मालकांवर होता, पण अपघातानंतरचे पहिले तेरा आठवडे त्या विम्याकडे यावयाचे नव्हते, ते आजारविम्याच्या फंडाने सांभाळावयाचे होते, आणि त्या फंडात दोन तृतीयांश वर्गणी खुद्द कामगारांची होती. येथे मुदतीचा एक तिसरा उपयोग प्रथमच स्पष्ट दिसतो. माणूस उपाशी राहू नये, परंतु त्याला कोणाच्या थैलीतून द्यावयाचे याची शीव आखण्यासाठी मुदत वापरली गेली. अपंगत्वाच्या विम्यात आजही जो दीर्घ प्रतीक्षाकाल असतो, त्याचे मूळ या शिवेच्या दगडापाशी आहे.

इंग्लंडने १८९७ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला तो दोन आठवड्यांच्या प्रतीक्षाकालासह. १९०६ मध्ये दोहोंचा एक आठवडा झाला, १९२३ मध्ये आठवड्याचे तीन दिवस झाले. परंतु या दुरुस्त्यांत एक चमत्कारिक कलमही शिरले, ते असे की, दुखापत पुरेशी लांबली, प्रथम दोन आठवडे व पुढे चार आठवडे, तर सुरुवातीचे वगळलेले दिवसही भरून द्यावयाचे. हेतू उदार होता. ज्याची जखम खरोखरच मोठी त्याच्यावर अन्याय नको. परिणामी मात्र पंचविसाव्या दिवशी बरे वाटू लागलेल्या माणसाला आणखी तीन दिवस घरी राहण्यात लाभ दिसावा, अशी रचना कायद्यानेच करून ठेवली. ज्या संशयापोटी मुदत जन्मली, त्याच संशयाला खाद्य पुरविणारा हा उपाय होता, आणि मानवी स्वभावाविषयीच्या अविश्वासावर उभारलेल्या बहुतेक नियमांची गत हीच होते.

लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात या सर्व जुन्या सवयी एकत्र आल्या. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन अशी आठवड्याची वर्गणी. पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग आजारभत्ता, तो चौथ्या दिवसापासून आणि सव्वीस आठवड्यांपर्यंत. तो मिळण्यापूर्वी सव्वीस आठवड्यांच्या वर्गण्या, आणि त्यापुढे चालू राहणाऱ्या पाच शिलिंगांच्या अपंगभत्त्यासाठी तर एकशे चार आठवड्यांच्या वर्गण्या भरलेल्या असल्या पाहिजेत. वर्गणी जुलै १९१२ पासून कापली जाऊ लागली आणि भत्ता जानेवारी १९१३ पासून मिळू लागला. म्हणजे सबंध कामगारवर्गालाच एकदम सभासद करून घेताना त्याला सहा महिने दारात उभे करण्यात आले होते. सक्तीच्या विम्यात रोग लपवून आत शिरणाऱ्याचे भय उरत नाही, कारण निरोगी माणसालाही बाहेर राहण्याची मुभा नसते. तरी जुनी कडी दारावर राहिलीच.

आता आपल्याकडे. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. लोखंड्यांच्या अर्जाला तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. ज्या १९२३ साली इंग्लंडातील कामगाराचा प्रतीक्षाकाल तीन दिवसांवर आला, त्याच साली हिंदी कामगाराच्या वाट्याला दहा दिवस आले. दहा दिवसांपर्यंतच्या दुखापतीला कायद्याने काहीच द्यावयाचे नव्हते. त्याहून लांबलेल्या दुखापतीत अर्ध्या महिन्याचा भत्ता, म्हणजे महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा किंवा पंधरा रुपये यांपैकी जे कमी असेल ते, या दहा दिवसांनंतरच्या सोळाव्या दिवशी प्रथम देय होई. हिशेब मांडून पाहिला तर यंत्रात बोटे सापडलेल्या माणसाच्या हाती कायद्याचा पहिला रुपया पडावयाचा तो सव्विसाव्या दिवसाच्या आसपास, आणि तोही मालकाने तक्रार न काढली तर.

या सव्वीस दिवसांत गिरणगावातील चाळीत काय घडत असे याची नोंद कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, परंतु ते कल्पनेने जाणण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गिरणीचा पगार महिना उलटून गेल्यावर मिळे, म्हणून कामगाराचा संसार वाण्याच्या उधारीवर आणि खानावळीच्या खात्यावर मुळातच एक महिना मागे चाललेला असे. त्यात खाडे पडले की कोकणातल्या गावी जाणारी मनिऑर्डर प्रथम थांबे, मग बायकोच्या अंगावरचा डाग गहाण पडे, आणि शेवटी पठाणाच्या दारी जावे लागे, ज्याच्या व्याजाला प्रतीक्षाकाल नव्हता. ज्याची नोकरी बदलीची, ज्याला रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहून जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नजरेची वाट पाहावी लागे, त्याचे तर सगळे आयुष्यच एक प्रतीक्षाकाल होते. गाववाल्यांच्या खोल्या, जातीची आणि गावाची मंडळे, भिशी यांनी जे काही सावरले ते सावरले. वगळलेल्या दिवसांचा खर्च नाहीसा झालेला नव्हता. तो मालकाच्या वहीतून निघून कामगाराच्या कर्जात जमा झाला होता, इतकेच.

१९२७ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आजारविम्याविषयी दोन करार संमत केले आणि दुखण्याचा प्रतीक्षाकाल तीन दिवसांहून अधिक नसावा असे त्यांत लिहिले. हिंदुस्थान सरकारने त्यांना मान्यता दिली नाही. कामगार एका जागी स्थिर राहत नाही, डॉक्टर पुरेसे नाहीत, वर्गणी कापली तर त्याला रुचणार नाही, अशा सबबी त्या काळच्या सरकारी कागदांत पुनःपुन्हा आढळतात. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही कमिशनने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला, त्यानंतर १९३३ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईच्या कायद्यातील दहा दिवसांचे सात झाले. मधल्या काळात मुंबई इलाख्याने एक पाऊल पुढे टाकले होते. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा हा या देशातील अशा प्रकारचा पहिला. त्याच्या विधेयकाला कायदेकौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली पाठिंबा दिला होता. त्यातही लाभापूर्वी ठरावीक महिन्यांची नोकरी झालेली असली पाहिजे ही अट होतीच, आणि ती अट अखिल भारतीय कायद्यात १९६१ साली एकशे साठ दिवसांची म्हणून आली व १९८८ मध्ये निम्मी, म्हणजे ऐंशी दिवसांची झाली.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी नेमणूक झाली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव या श्रमसंघटनेच्या दोन तज्ज्ञांनी तो तपासला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निपजला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेचा आरंभ झाला, त्याच दिवशी ती दिल्लीतही लागू झाली. नागपूर आणि मुंबई येथे ती १९५४ साली आली. या कायद्याने दुखण्याचा प्रतीक्षाकाल दोन दिवसांचा ठेवला, म्हणजे जिनिव्हाच्या मर्यादेहूनही एक दिवस कमी, आणि पहिले दुखणे संपून पंधरा दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला तर ते दोन दिवसही कापावयाचे नाहीत असे ठरविले. हिवतापाने उलटून पडणाऱ्या कामगारांच्या देशात हे पंधरा दिवसांचे कलम फार शहाणपणाचे होते.

त्याच कायद्यात प्रवेशाची मुदत मात्र अधिक गुंतागुंतीची निघाली. वर्गणीचा काळ वेगळा आणि लाभाचा काळ वेगळा. आजच्या नियमांनुसार एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधील आजारांचा भत्ता मिळतो, आणि नव्याने दाखल झालेल्याला रोख आजारभत्त्याचा हक्क लाभण्यास नऊ महिने लागतात. परंतु औषधोपचार पहिल्या दिवसापासून. मला ही विभागणी या साऱ्या इतिहासातील सर्वांत समंजस तडजोड वाटते. रोगाला थांब म्हणता येत नाही म्हणून दवाखाना उघडा ठेवला आहे, आणि रोख रकमेच्या बाबतीत जे काही भय वाटावयाचे ते तिच्यापुरते मर्यादित राहिले आहे. पुढील काळात विकल्या गेलेल्या स्वेच्छेच्या विम्यांना हा विवेक राखता आला नाही, कारण त्यांच्यापाशी स्वतःचा दवाखाना नव्हताच. त्यांना द्यावयाची होती ती फक्त रक्कम.

नुकसानभरपाईच्या कायद्यातील सात दिवसांचे तीन दिवस १९५९ मध्ये झाले, आणि दुखापत अठ्ठावीस दिवस टिकली तर पहिल्या दिवसापासून भरपाई, हे इंग्लंडचे छत्तीस वर्षांपूर्वीचे कलमही त्याबरोबर आले.

हे तीन दिवस किती महाग असू शकतात, हे त्यापूर्वी थोडीच वर्षे जर्मनीत दिसून आले होते. तेथे पांढरपेशा कारकुनाला आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळे, परंतु कारखान्यातील कामगाराच्या वाट्याला बिस्मार्कच्या काळापासूनचे तेच तीन कोरे दिवस आणि त्यानंतरचा अपुरा भत्ता येई. एकाच छपराखाली दोन माणसे एकाच तापाने आजारी पडली तर एकाचा पगार चालू राही आणि दुसऱ्याचा बंद पडे. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील धातुकामगार संपावर गेले ते मुख्यतः या भेदाविरुद्ध. गोद्यांतील आणि कारखान्यांतील चौतीस हजारांच्या आसपास कामगार एकशे चौदा दिवस, ऐन हिवाळ्यात, कामाबाहेर राहिले. तीन दिवसांच्या मजुरीसाठी एकशे चौदा दिवसांची मजुरी सोडणे हे व्यापारी गणितात बसणारे नव्हे. पण त्या तीन दिवसांत पैशापेक्षा जे अधिक सलत होते, ते असे की, कारकुनाच्या शब्दावर विश्वास आणि कामगाराच्या शब्दावर संशय हा भेद कायद्याने लेखी मान्य केला होता. १९५७ मध्ये सुधारणा झाली, १९६१ मध्ये आणखी झाली, आणि १९६९ च्या कायद्याने, १ जानेवारी १९७० पासून, कामगारालाही पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार मिळू लागला. स्वीडनने आपला एक कोरा दिवस १९८७ मध्ये काढून टाकला आणि तिजोरीला ओढ लागताच १९९३ मध्ये परत आणला, यावरून या मुदतींचा संबंध रोगराईपेक्षा राजकारणाशी किती निकट आहे हे उघड होते.

अपंगत्वाच्या बाबतीत दिवसांचे महिने होतात. अमेरिकेने १९५६ साली आपल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात अपंगांसाठी निर्वाहवेतन आणले, ते सहा महिन्यांच्या प्रतीक्षाकालासह. १९७२ मध्ये सहाचे पाच महिने झाले, परंतु त्याच कायद्याने अपंगांना सरकारी वैद्यकीय विमा देऊ करताना त्याला वेतनाच्या हक्कानंतरचे चोवीस महिने लावले. समर्थन असे होते की, अल्पकाळात बरे होणारे आपोआप गळून पडतील, मालकांकडील विम्याशी दुहेरी खर्च होणार नाही, आणि तिजोरीवरचा भार आटोक्यात राहील. जर्मनीतील ती जुनी शीवच येथे आखलेली होती. फरक एवढाच की, शिवेच्या अलीकडे सांभाळणारा फंड प्रत्येकापाशी होता असे नाही. स्नायू झपाट्याने निकामी करणाऱ्या ए. एल. एस. या रोगाच्या पीडितांना चोवीस महिन्यांची अट २००१ पासून माफ झाली आणि पाच महिन्यांची २०२० च्या अखेरीस. कारण त्या रोगात वाट पाहण्याइतके आयुष्यच पुष्कळांना उरत नसे. ही साधी गोष्ट कायद्याच्या पचनी पडावयास जवळजवळ अर्धे शतक गेले.

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या परिचयाचा झाला तो निराळाच विमा. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून झाले होते, आणि जनरल इन्शुअरन्स कॉर्पोरेशनच्या न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' बाजारात आणला. मुंबई-पुण्यातील पुष्कळ घरांत आरोग्याच्या कोणत्याही विम्याला अद्याप हेच नाव चालते. हा विमा स्वेच्छेचा होता, आणि स्वेच्छा आली की प्रवेशाचे जुने भयही आले. पहिल्या तीस दिवसांत उद्भवलेल्या रोगाचा खर्च नाही, अपघात तेवढा अपवाद. पहिल्या वर्षी मोतीबिंदू, हर्निया, अंडवृद्धी, मूळव्याध, भगंदर, सायनस, प्रोस्टेटची वाढ, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया यांचा खर्च नाही. आणि विमा घेण्यापूर्वीपासून अंगात असलेल्या रोगाचा तर कधीच नाही. या यादीकडे नीट पाहिले तर तिच्यातील सूत्र ध्यानात येते. हे सगळे असे विकार आहेत की ज्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख रोगी स्वतः पुढे ढकलू शकतो. दिवाळी झाल्यावर करू, मुलीचे लग्न उरकल्यावर करू, असे ज्यांच्याविषयी घराघरांत बोलले जाते. म्हणून विमा उतरवून मग शस्त्रक्रिया करावी हा विचार ज्यांच्या बाबतीत सुचणे शक्य, तेच रोग यादीत आले. प्रसूतीचा लाभ जेथे सामूहिक विम्यात जोडून मिळे तेथे त्याला नऊ महिन्यांची मुदत असे, आणि तिचे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

खरी तंटेबखेड्याची जागा होती ती पूर्वरोगाची. पंचावन्न वर्षांच्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला की त्याच्या जुन्या कागदांत रक्तदाबाची एखादी नोंद सापडे, आणि ती सापडली की दावा नामंजूर होई. मग ग्राहकमंचात वर्षानुवर्षे कैफियती चालत. नूतनीकरण चुकले की सगळ्या मुदती पहिल्यापासून सुरू होत, आणि मधल्या काळात जडलेला रोग आता पूर्वरोग ठरे. कंपनीने नूतनीकरणच नाकारले तर काय, हाही प्रश्न होता. २००१ साली बिमन कृष्ण बोस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मनमानीने नूतनीकरण नाकारता येणार नाही असा निर्णय दिला, तो या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. २००८ मध्ये पूर्वरोगाची एकसारखी व्याख्या ठरली आणि चार वर्षे अखंड विमा ठेवल्यानंतर पूर्वरोगही आत घ्यावा हे सर्वत्र झाले. 'कधीच नाही' याचे 'चार वर्षांनी' झाले, हा लाभ लहान नव्हे. विमा नियामक प्राधिकरणाच्या १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी ही कमाल मर्यादा छत्तीस महिन्यांवर आली. आणि २०१९ साली आठ वर्षांचे ठरविलेले एक कलम, की इतकी वर्षे विमा अखंड चालल्यावर लबाडी सिद्ध झाल्याखेरीज कंपनीने पूर्वीची माहिती लपविल्याचा आक्षेप काढू नये, तेही साठ महिन्यांवर आले. या कलमाचे पूर्वज आयुर्विम्यात शोधावे लागतात: १९३८ च्या विमा कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात असाच अडसर दोन वर्षांनंतर घातलेला होता.

जेथे प्रजेचा एखादा वर्ग सरसकट सभासद असतो तेथे प्रवेशाच्या मुदतीचे कारणच उरत नाही, आणि महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणविल्या जाणाऱ्या योजनेत, तशीच २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत, पूर्वरोग पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. उलट २०२० च्या महामारीत विकल्या गेलेल्या 'कोरोना कवच' या विम्याला पंधरा दिवसांचा प्रतीक्षाकाल होता. ज्या रोगाचा संसर्ग होऊन लक्षणे दिसावयास चौदा दिवसांपर्यंत लागतात असे सांगितले जात होते, त्याला पंधरा दिवस. या एका मुदतीवर वैद्यकाची छाया प्रथमच स्वच्छ पडलेली दिसते.

या अलीकडच्या फेरफारांपैकी सर्वांत विलक्षण फेरफार मात्र ऑक्टोबर २०११ मधला आहे. तेव्हापासून विमेदाराला एका कंपनीतून दुसरीत जाता येऊ लागले, आणि जाताना त्याने पहिल्या कंपनीत जितकी वर्षे वाट पाहिली तितकी दुसरीने पूर्वीच्या विम्याच्या रकमेपुरती मजुरा धरावी असा नियम झाला. गिरणीकामगाराने सोसलेल्या दहा दिवसांची नोंद कोठेच राहत नसे; ते दिवस गेले ते गेले. आता मात्र पाहिलेली वाट ही दप्तरी दाखल होणारी आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करता येणारी मिळकत ठरली आहे, आणि विम्याची रक्कम वाढविली तर वाढीव रकमेपुरती ती नव्याने कमवावी लागते.